नळदुर्गचे टेलरसाहेब

लग्नानंतर तुळजापूरला जाऊन आलेली नाही, अशी बाई मराठी मुलखात विरळाच. नवी सून घरात आली, मुलगा झाला, नातवाचं जावळ निघालं, नोकरी लागली, की आईच्या दर्शनाला जायचंच. सोलापूरला उतरायचं, एस.टी. धरायची, कल्लोळ तीर्थात हातपाय धुवायचे, ओटी भरायची, कवड्यांची माळ आणि हळदकुंकू घ्यायचं आणि मिळेल त्या गाडीनं परत फिरायचं. घरी दूधवाला, पेपरवाला, मुलांच्या शाळा वाट बघत असतात ना!

पण मैत्रिणींनो, पुढच्या खेपेला एक दिवस जास्तीचा काढा. तुळजापूरपासून 30-35 किलोमीटरवर, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग आहे. तिथला किल्ला बघाच. पण आज तुम्हांला त्या किल्ल्याइतकीच ओळख करून द्यायची आहे, ती तिथं राहून गेलेल्या एका माणसाची. त्यांचा पुतळा कुठं सापडायचा नाही. पण आजच्या धाराशिव जिल्ह्याचा कारभार शे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी ज्यांनी पहिल्यांदा नीट मांडला, त्यांत त्यांचं नाव वरचं आहे. ते होते कर्नल फिलिप मेडोज टेलर.

तुम्ही म्हणाल, गोऱ्या साहेबाचं कौतुक आम्हांला कशाला? कौतुक नाही हो. घर चालवणारी बाई जशी दुसरीच्या घरातला फडताळ-कोनाडा बघून ओळखते, की इथं कुणाचा तरी नीट हात फिरतोय, तशा नजरेनं या माणसाकडे बघायचं आहे. जे चांगलं ते चांगलं म्हणायचं, आणि जे खटकतं तेही सांगायचं.

आधी किल्ला

बोरी नदी इथं वळण घेते आणि त्या वळणात काळ्या दगडाचा किल्ला उभा आहे. नळराजानं तो बांधला आणि म्हणून नळदुर्ग, असं गावातली माणसं सांगतात. नळ-दमयंतीची गोष्ट आपण लहानपणी आजीकडून ऐकलेली असते. ती इथं दगडात भेटल्यासारखी वाटते. इतिहासात बघायचं तर बहमनी राजवट संपल्यावर हा किल्ला विजापूरच्या आदिलशहांकडे आला आणि त्यांनी तो दगडी तटबंदीचा, मजबूत केला. किल्ल्यातला उपळी बुरूज सगळ्यांत उंच. त्यावर चढलं की आजूबाजूचा मुलूख ताटात वाढल्यासारखा समोर येतो. ज्वारी-तुरीची रानं, माळ, मधेच एखादं हिरवं ओहोळ.

पण नळदुर्गची खरी नवलाई पाणी महालाची. बोरी नदीवर धरण बांधलं आहे, आणि त्या धरणाच्या पोटात चक्क महाल आहे! दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या वेळी, 1613 साली तो पुरा झाला. धरणानं मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ जोडला गेला. पाणी अडलं, खंदकाचं काम झालं, आणि उन्हाळ्यात गार खोल्यांत बसायची सोयही झाली. पावसाळ्यात तलाव भरला की धरणावरून दोन धारा कोसळतात. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. आत महालात उभं राहायचं आणि समोरून पाण्याचा पडदा खाली जाताना बघायचा. अंगावर तुषार येतात, आवाजानं शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही, आणि तरी पायाखालची जमीन कोरडी! चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी हे कसं केलं असेल, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

या किल्ल्यात 1853 साली टेलरसाहेब राहायला आले.

पंधरा वर्षांचं पोर

मेडोज टेलर यांचा जन्म 25 सप्टेंबर 1808चा, इंग्लंडातल्या लिव्हरपूलचा. वडील व्यापारी. पण धंदा बुडाला आणि घराची घडी विस्कटली. आपल्याकडे अशा वेळी मोठ्या मुलाला शाळेतून काढून मामाच्या दुकानात बसवतात, तसंच तिकडे झालं. मुंबईला एका व्यापारी पेढीत कामाला लावायचं ठरलं, पुढे भागीदारी देऊ असं आश्वासन मिळालं, आणि 1824 साली जेमतेम पंधरा वर्षांचं हे पोर जहाजात बसलं. तेव्हा सुवेझचा कालवा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून यायला महिनेच्या महिने लागत.

मुंबईत उतरून बघतात, तर पेढीचीच अवस्था डबघाईला आलेली! परमुलूख, खिशात पैसा नाही. एका नातलगाच्या शब्दावर हैदराबादच्या निजामाच्या फौजेत जागा मिळाली. ही नोकरी म्हणजे कंपनी सरकारची नव्हे, हे लक्षात घ्या. कंपनीच्या सनदी नोकरांचा रुबाब वेगळा, पगार वेगळा, बढतीची शिडी वेगळी. निजामाच्या फौजेतला गोरा अधिकारी म्हणजे त्यांच्या पंक्तीत शेवटच्या पाटावर बसणारा. टेलरसाहेबांना जन्मभर ते टोचत राहिलं.

पण शेवटच्या पाटावर बसलेल्या माणसाचा एक फायदा असतो. त्याला वाढप्यांची ओळख होते! हिंदुस्थानी, मराठी, फारसी या भाषा टेलर शिकले. जमीन मोजायला शिकले, रस्ते नि तलाव बांधायला शिकले, चित्रं काढायला शिकले, झाडापानांची, दगडधोंड्यांची माहिती करून घेतली. हे सारं कॉलेजात जाऊन नव्हे. शाळा तर अर्धवटच सुटलेली. जे शिकले ते पुस्तकं वाचून आणि लोकांना विचारून.

कणकेतली वाळू

विशी ओलांडायच्या आतच त्यांच्याकडे या भागात पोलिसखात्याचं काम आलं. तुळजापूरचा परिसर त्यांना तेव्हापासून ठाऊक झाला. त्या फिरतीतली एक गोष्ट त्यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. ती तुम्हांला आवडेल, कारण रेशनच्या आणि वाण्याच्या दुकानापुढे आपणही उभ्या राहिलेल्या आहोत.

यात्रेकरूंनी येऊन गाऱ्हाणं मांडलं, की इथले दुकानदार पिठात वाळू मिसळतात. टेलर यांनी आरडाओरडा केला नाही. आपली माणसं साध्या गिऱ्हाइकांसारखी धाडली आणि निरनिराळ्या दुकानांतून पीठ आणवलं. मग दुकानदारांना बोलावून घेतलं. पीठ बघितलं तर खरंच वाळूनं भरलेलं. साहेब म्हणाले, ठीक आहे, तुम्हीच विकलेलं आहे ना? मग तुम्हीच खाऊन दाखवा!

दुकानदारांची गाळण उडाली. दंड घ्या पण हे नको, अशी विनवणी सुरू झाली. पण साहेबांचं एकच, की गिऱ्हाइकाला खायला चालतं ते विकणाऱ्याला का चालू नये? भोवती यात्रेकरूंची गर्दी जमलेली. तोंडात घास, दातांखाली कचकच, आणि सगळा बाजार हसतोय. दंड भरला असता तर तो दुसऱ्या दिवशी पिठाच्या भावात वसूल झाला असता, हे आपण बायका जाणतो. पण चारचौघांतलं हसं वसूल कुणाकडून करणार?

कारभार कशाला म्हणतात, तो या गोष्टीत आहे. मोठमोठ्या इमारती उभ्या करणं हा त्याचा एक भाग. पण परगावाहून आलेल्या माणसाच्या पोटात स्वच्छ भाकरी जाते की नाही, हे बघणं हा त्याचा पाया.

एका घराची परवड

मधली वर्षं भराभर सांगते. ठगांच्या टोळ्यांच्या हकिकती ऐकून टेलर यांनी ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लिहिली. 1839 साली ती लंडनात छापली गेली आणि विलायतेत त्यांचं नाव घरोघर झालं. राणी व्हिक्टोरियानंसुद्धा ती आवडीनं वाचली. 1841पासून 1853पर्यंत ते सुरपूर संस्थानात होते. आता ते कर्नाटकात, यादगिरी जिल्ह्यात आहे. राजा व्यंकटप्पा नायक लहान, राणी ईश्वरम्मा कारभारात, दरबारात गटबाजी, तिजोरी रिकामी. ते सगळं त्यांनी मार्गी लावलं. टेकडीवरचा त्यांचा बंगला ‘टेलर मंझिल’ म्हणून अजून ओळखला जातो. छोटा राजा त्यांना ‘अप्पा’ म्हणायचा.

आणि त्यांच्या स्वतःच्या घरात काय? त्यांची पत्नी मेरी. हैदराबादचे मोठे सावकार विल्यम पामर यांची ती मुलगी. या पामरांचे वडील इंग्रज सेनाधिकारी, पण आई हिंदुस्थानी, फैजबक्ष बेगम. म्हणजे मेरीची आजी आपल्याच मातीतली. मेरी 1844 साली वारली. टेलर तेव्हा पस्तिशीचे. मुली दूर, विलायतेत वाढल्या. पुन्हा लग्न त्यांनी केलं नाही. दुसऱ्यांच्या मुलखाची घडी बसवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या मुलींच्या केसांत कधी फणी फिरवता आली नाही. चांगल्या कारभाऱ्याच्या कामाची किंमत पुष्कळदा घरातलीच माणसं चुकती करतात. फिरतीच्या नोकरीतल्या नवऱ्यांच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

गहाण पडलेला मुलूख

आता 1853. निजामाच्या राज्यात इंग्रजांनी एक फौज ठेवली होती, आणि तिचा खर्च निजामानं द्यायचा होता. तो थकत गेला, कर्ज वाढत गेलं. गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी यांनी तगादा लावला, आणि मे 1853च्या तहानं निजामानं वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. सावकाराकडे दागिने गहाण पडावेत तसा. दागिन्यांना कुणी विचारतं का, की तुम्हांला कुणाच्या पेटीत राहायचं? तसंच इथल्या रयतेलाही कुणी विचारलं नाही.

या गहाण मुलखातल्या पश्चिमेकडच्या जिल्ह्याचे डेप्युटी कमिशनर म्हणून टेलर आले. नळदुर्ग हे जिल्ह्याचं ठाणं, आणि मुक्काम किल्ल्यात. वर्षं मिळाली जेमतेम चार. 1853च्या अखेरीपासून 1857पर्यंत.

जमीन महसूल हे त्यांचं सगळ्यांत मोठं काम. आज सातबारा उतारा आपल्या ओळखीचा असतो. सासऱ्यांच्या पेटीत तो जपून ठेवलेला असतो आणि वाटणीच्या वेळी त्यावरून भांडणंही होतात. पण त्या काळी किती जमीन, कसली जमीन, तिच्यावर सारा किती, हे ठरायचं कसं? पूर्वी मलिक अंबरानं दख्खनच्या जमाबंदीला शिस्त लावली होती, तीही सोळाशेच्या सुरुवातीला. पण मधल्या दोनशे वर्षांत किती हात फिरले! साऱ्याचा मक्ता घेणारा वसूल करणार आणि कुळानं निमूट द्यायचं. काळ्या कसदार रानाला जो सारा तोच खडकाळ माळाला, असा कारभार कुठं कुठं चालायचा. शेतकरी पाऊस पडेना म्हणून रडतो हे आपल्याला दिसतं. पण पाऊस पडूनही हातात काही राहत नाही, याचं दुःख मोठं असतं.

टेलर यांनी महसुलाची नवी आकारणी बसवली. गंमत अशी, की तिच्यामुळे शेतकऱ्यावरचा बोजा न्याय्य झाला आणि सरकारचं उत्पन्नही वाढलं. हे कसं जमलं, असं तुम्ही विचाराल. आपल्या घरखर्चाचंच बघा ना. महिन्याचा हिशेब वहीत लिहायला लागलं की घरात कुणाचं पोट मारावं लागत नाही आणि तरी चार पैसे उरतात. कारण मधल्यामधे गळणारं गळायचं थांबतं. पडीक टाकलेलं रान सारा रास्त झाल्यावर कसायला घेतलं जातं, आणि लपवून ठेवलेली जमीन मोजणीत उघडी पडते.

त्याबरोबर पोलिस, कचेऱ्या, न्यायनिवाडा, रस्ते. इंजिनियर वेगळा मिळायचा नाही. तेही काम साहेबांचंच. सोलापूर-हैदराबाद वाटेवर नळदुर्ग असल्यामुळे व्यापारी, यात्रेकरू, फौजा सगळ्यांची ये-जा इथूनच. आजही त्या महामार्गावरून धडधडत ट्रक जातात, तेव्हा आठवावं, की वाटा आधी कुणीतरी पायी चालून बघितलेल्या असतात.

आणि 1857

1857च्या उन्हाळ्यात उत्तरेत उठाव झाला. टेलर यांची बदली वऱ्हाडात, बुलढाण्याला झाली. त्यांच्या हाताखाली फौज नव्हती. तरी तो मुलूख शांत राहिला. ज्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलता येतं, त्यांना तोफ दाखवावी लागत नाही, असं यावरून म्हणावंसं वाटतं.

पण इथंच खटकणारी गोष्टही सांगायला हवी. टेलर कितीही भले असले तरी चाकरी परक्या सत्तेची होती. सुरपूरचा तो छोटा राजा, ‘अप्पा’ म्हणणारा व्यंकटप्पा, आता तरुण झाला होता. 1858 साली त्यानं इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललं. उठाव मोडला, राजा पकडला गेला. टेलर त्याला तुरुंगात भेटले. आधी फाशीची शिक्षा झाली, ती सौम्य करत करत चार वर्षांच्या कैदेवर आली. पण कैदेत नेताना वाटेतच पिस्तुलाची गोळी लागून तो गेला. आपल्या हातानं लिहायला-वाचायला शिकवलेलं पोर आपल्याच सरकारच्या कैदेत संपावं! टेलर यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे, आणि त्यात दुःख आहे. पण त्या दुःखानं राजा परत आला नाही. माणूस चांगला असणं आणि राज्य न्यायाचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरपूरच्या या गोष्टीइतकं ते कुठं लख्ख दिसत नाही.

1860 साली नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांनी निजामाला परत केला. गहाण सुटलं! त्याच साली प्रकृती खालावल्यामुळे टेलरही विलायतेला परतले. तब्बल वीस वर्षांनी.

तुळजापूरची तारा

पण गोष्ट इथं संपत नाही, आणि बायकांच्या दृष्टीनं तर खरी गंमत इथंच आहे. आयर्लंडात डब्लिनजवळ बसून या म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसानं काय लिहावं? तुळजापूरच्या एका मुलीची गोष्ट! ‘तारा’ नावाची ही कादंबरी 1863 साली आली. नायिका तुळजापूरच्या व्यासशास्त्र्यांची लेक. बालविधवा, पण वडिलांनी संस्कृत शिकवलेली, देवीच्या सेवेत वाढलेली. काळ अफझलखानाच्या स्वारीचा. खरी स्वारी 1659ची, पण टेलर यांनी गोष्ट 1657 सालात बसवली. पुढे 1757 आणि 1857 या सालांवर आणखी दोन कादंबऱ्या लिहून शंभर-शंभर वर्षांची माळ त्यांनी ओवली. तारेचं लग्न होतं ते अफझलखानाच्या मुलाशी, फाजलशी. आजही कुणाच्या भुवया उंचावतील! आणि 1872च्या ‘सीता’ या कादंबरीतली नायिकाही विधवाच. तिचा नवरा होतो एक इंग्रज अधिकारी.

तुम्ही म्हणाल, साहेबाची कल्पना! आपल्या घरांत असं कुठं होतं? खरं आहे. कादंबरीतली काही माणसं आपल्याला आपली वाटणार नाहीत. साहेबांच्या नजरेचा चष्मा जागोजाग दिसतो. पण जरा सालं बघा. विधवाविवाहाचा कायदा झाला जुलै 1856मध्ये, म्हणजे टेलर नळदुर्गात असतानाच. कायदा झाला, पण घराघरांतल्या माजघरात किती पोरी केस काढून, आलवण नेसून बसलेल्या होत्या! देवळाच्या पायऱ्यांवर, यात्रेच्या गर्दीत, कचेरीतल्या अर्जांत अशा बायका या माणसाला दिसल्या असणार. सरकारी दप्तरात त्यांच्यासाठी रकाना नव्हता. जमीन मोजता येते, सारा मोजता येतो. माजघरातल्या त्या पोरीचं आयुष्य कशानं मोजायचं? ते मोजायला त्यांनी कादंबरी घेतली, असं मला वाटतं.

शेवटी त्यांची दृष्टी गेली. 1875 साली, मुलीला बरोबर घेऊन ते पुन्हा एकदा हैदराबादेत आले. ज्या मुलखाची चित्रं काढली, ज्याच्या वाटा आखल्या, तो डोळ्यांनी दिसत नव्हता. बोलणं मात्र कानावर येत होतं. परत जाताना फ्रान्समध्ये मेंतों या गावी 13 मे 1876 रोजी ते गेले. त्यांचं आत्मचरित्र मुलीनं, अ‍ॅलिसनं, संपादन करून 1877 साली छापलं. ज्या लेकीच्या लहानपणी बाप जवळ नव्हता, तिनंच बापाचे डोळे होऊन त्याची गोष्ट जगापुढे मांडली!

मग मागे उरलं काय?

नळदुर्गचं जिल्ह्याचं ठाणेपण राहिलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते धाराशिवला गेलं. निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून त्या गावाला उस्मानाबाद नाव पडलं, आणि 2023 साली पुन्हा धाराशिव झालं. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरल्या, तेव्हा पहिली लढाई याच नळदुर्गला झाली आणि बोरीवरचा पूल शाबूत हाती आला. चार दिवसांत मराठवाडा मुक्त झाला. आदिलशहा गेले, निजाम गेले, इंग्रज गेले. नळदुर्ग आज तुळजापूर तालुक्यातलं एक गाव आहे.

इमारत बांधणाऱ्याचं नाव दगडावर राहतं. पाणी महालावर फारसी शिलालेख आहे. पण ज्यानं सारा रास्त केला, वजनमापं तपासली, वाटा आखल्या, त्याचं नाव कुठं कोरणार? स्वयंपाकघरातल्या कामासारखंच ते. झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही, राहिलं तर साऱ्या घराला कळतं. म्हणून अशा कामाची आठवण मुद्दाम ठेवावी लागते. टेलर यांचीच असं नव्हे. तुमच्या गावात नळाला वेळेवर पाणी येत असेल, तर ते आणणाऱ्या कुणा जुन्या नगराध्यक्षाची, ओव्हरसियरची, तलाठ्याचीसुद्धा. आणि काम नीट होत नसेल, तर वाळूचं पीठ कुणाला खायला घालायचं, तेही आता तुम्हांला माहीत झालं!

जाणार असाल तर

जुलै ते ऑक्टोबर हे दिवस उत्तम. नर-मादी धबधबे पाऊस चांगला झाला आणि तलाव भरला तरच वाहतात, म्हणून निघण्याआधी तिकडच्या कुणाला तरी विचारून घ्या. सोलापूरहून नळदुर्ग पन्नास किलोमीटरच्या आत आहे आणि रस्ता हमरस्त्याचा आहे. किल्ला मोठा आहे. बघायला तीन तास तरी हाताशी ठेवा. ओल्या दगडांवरून पाय घसरतो, तेव्हा उंच टाचांच्या चपला घरीच राहू द्या, आणि मुलांचा हात सोडू नका. साडी नेसणार असाल तर सुती नेसा. पाणी महालात तुषारांनी पदर भिजतोच.

नळदुर्गचा खंडोबाही चुकवू नका. हा देव मोठा मजेचा. जवळच्या अणदूर गावात सव्वादहा महिने आणि नळदुर्गात पावणेदोन महिने राहतो. मूर्ती एकच, घरं दोन! सासर-माहेर करणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना त्याची अडचण लगेच कळेल.

डब्यात ज्वारीची कडक भाकरी, सोलापुरी शेंगाचटणी आणि कांदा पुरे. वेळ असेल तर परतीच्या वाटेवर धाराशिवची लेणी आणि तेरचं गोरोबाकाकांचं देऊळ करा. पण आधी तुळजापूरला आईची ओटी भरा. दर्शन घेऊन बाहेर पडलात की बाजारातून हळदकुंकवाच्या पुड्या घ्याल. त्या पुड्या घेताना वजनकाट्याकडे एकदा नीट बघा, आणि ही गोष्ट शेजारणीला सांगा.